भाकरीची डावी बाजू

आधी खालाचं सांगते, बाकीचं मागून.

आमच्या गावात, शिंदखेड्याच्या अलीकडे, पिंजाऱ्यांची दोन-तीन घरं होती. त्यातल्या कडेच्या घरात खाला राहायची. खाला म्हणजे मावशी. नवरा धनुकलीवर कापूस पिंजायचा, खाला गाद्या भरून टाके घालायची. नात्याची नाही, जातीची नाही, शेजारचीही नाही. माझ्या आईला वेळ नव्हता, वडिलांना, म्हणजे आबांना, माझ्याकडे बघायची सवय नव्हती. मला नीट बघितलं ते खालाने. आज इथे उधन्याला, सुरतेत, साड्यांवर टिकल्या लावत बसले असताना कोणी विचारलं की तुझं कोण आहे गावाकडे, तर मी आधी तिचंच सांगते.

मी तिच्याकडे जायची ती सुई ओवायला. म्हणजे मला ओवता येत नव्हती, पण हौस होती. मी धागा पुढे न्यायची आणि तो सुईच्या अलीकडूनच निघून जायचा, नाहीतर पलीकडून. मग मी मान वाकडी करून एका डोळ्याने बघायची. खालाने दोन-तीन दिवस हे बघितलं. मग एकदा तिने टाका सोडला आणि म्हणाली, "पोरी, तू कोंबडीनी गत काब्र देखस?" कोंबडीसारखी का बघतेस, असं.

अंगणात तिची कोंबडी होतीच. दाणा दिसला की मान वळवायची, एक डोळा त्याच्यावर धरायची, मग टोच मारायची. खालाने माझा उजवा डोळा हाताने झाकला आणि समोर बोटं धरली. मी म्हणाले, "धूर दिसस." डावा झाकला तर बोटंच काय, तिच्या नखातला कापूससुद्धा दिसला.

आमच्या घरी तिने सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "तिरळी शे ती. जनमथीच शे. त्याले काय करनं?" खाला भांडली नाही. दुसऱ्या दिवशी गादीच्या कापडाला धुळ्याला जायचंच आहे असं सांगून मला एस.टी.त बसवून घेऊन गेली, आणि कापडाच्या दुकानाआधी सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या डोळ्यात उजेड टाकला, भिंगं बदलली, परत उजेड टाकला. मग म्हणाले, "डोळा चांगला आहे."

खाला म्हणाली, "साहेब, चांगला शे तर दिसत काब्र नही?"

त्यांनी तिला विचारलं, काम काय करता. तिने सांगितलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलं असेल. डोळा नुसता कापूस आणून टाकतो, ते म्हणाले. पिंजणारा आत डोक्यात बसलाय. तो पिंजेल तेव्हा त्याची गादी होते, म्हणजे आपल्याला दिसतं. या पोरीचा डावा डोळा तिरपा, म्हणून दोन्हीकडचा कापूस एकमेकांशी जुळत नाही, सगळं दुहेरी दिसतं. पिंजणाऱ्याला ते झेपलं नाही. त्याने एका बाजूचा कापूस घ्यायचंच सोडून दिलं. कापूस येतोय, पडतोय, तो हात लावत नाही.

"आता काय करायचं," ते म्हणाले, "त्याच्या लाडक्या बाजूचा कापूस बंद करायचा. चांगला डोळा झाकायचा. मग झक मारत वाईटाकडे वळेल."

मी विचारलं, कोंबडीचंही असंच असतं का? ते हसले. कोंबडीचे डोळे दोन बाजूंना असतात, ते म्हणाले, तिला दोन बाजूंचं वेगवेगळं दिसतं आणि त्यावर तिचं भागतं. बकरीला तर पाठीमागून येणारा कुत्राही दिसतो. आपले दोन्ही डोळे पुढे. दोघांत जरासा फरक असतो आणि त्या फरकावरून डोकं ठरवतं की सुई किती लांब आहे. मग त्यांनी मांजराच्या पिल्लाचं सांगितलं. पिल्लाचा एक डोळा लहानपणी झाकून ठेवला आणि मोठं झाल्यावर उघडला, तर डोळा शाबूत असूनही त्या डोळ्याने ते बघू शकत नाही. लहानपणी आत जे शिकायचं राहिलं, ते मोठेपणी शिकता येत नाही.

"म्हणजे घाई शे," खाला म्हणाली.

"घाई आहे," ते म्हणाले. "अजून वेळ आहे, पण पोर मोठी होईपर्यंत थांबायला नाही."

परत येताना खालाने कापड घेतलं, आणि त्याच रात्री काळ्या चिंधीची पट्टी शिवली, आत कापसाची घडी, दोन्हीकडे नाडी. उजव्या डोळ्यावर बांधली. "काढू नको, भले कोनी काही म्हने," ती म्हणाली.

आता गुरुजींचं.

गुरुजी बाहेरगावचे, जळगावकडचे, शुद्ध बोलायचे. आबा आणि गावातले बरेच लोक त्यांना विचारल्याशिवाय बैलही विकत नसत. मी पट्टी बांधून शाळेत गेले तेव्हा मला फळ्यावर नुसता पांढरा गाळ दिसत होता. बाकावर आपटले. पोरांनी लगेच गाणं केलं: "घाण्याचा बैल, गोल गोल गोल." गावात तेल्याचा घाणा होता, त्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापडं असायची. घाण्यावरच्या बैलाला झापडं असतात ती दोन्ही डोळ्यांना, माझी एकाच डोळ्याला होती, पण हे पोरांना कोण सांगणार?

मधल्या सुट्टीपर्यंत गुरुजींनी थांबू दिलं. मग बोलावलं.

"काय गं, कुठल्या घाण्याला जुंपलं तुला?"

वर्ग हसला.

"वाईट डोळा कोणता?"

"डावा, गुरुजी."

"आणि झाकलाय कोणता?"

"उजवा."

"वा!" ते वर्गाकडे वळले. "बैल लंगडा झाला तर त्याचा चांगला पाय बांधून ठेवता का रे तुम्ही घरी?"

"नाही गुरुजी!"

"हे कोणी शिकवलं तुला?"

मी खालाचं सांगितलं. डॉक्टरांचंही सांगितलं, पण डॉक्टरांचं वाक्य हशात बुडालं. गुरुजींनी माझ्या नाकावरून पट्टी सरकवली, डाव्या डोळ्यावर बसवली, मागची गाठ घट्ट केली. "वाच." मी फळा वाचला. सगळा, खालच्या सुविचारासकट.

"बघा," ते म्हणाले. "एका मिनिटात उपचार. पिंजारणीने डोळे तपासायचे असते तर सरकारने दवाखाने कशाला बांधले असते?"

संध्याकाळी आबांना रस्त्यात गाठून त्यांनी तेच सांगितलं. आबांनी दोन दिवस गावभर सांगितलं की गुरुजींनी पोरीला दिसायला लावलं. पट्टी मी रोज बांधायची, आणि ती आता वाईट डोळ्यावरच होती. आधीच जो कापूस पिंजणारा घेत नव्हता, त्याचा दरवाजाच बंद.

खाला असती तर हे एक दिवस चाललं नसतं. पण ती त्याच आठवड्यात बाहेरगावी गेली होती. तिचा नवरा हंगाम संपला की जळगावकडे कामाला जायचा आणि ती नशिराबादला माहेरी. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी ती परत आली, आणि मी धावत तिच्या अंगणात गेले. मला वाटलं होतं ती मला उचलून घेईल. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"हाई कोनी करं?"

मी सांगितलं.

खाला तशी कधी शाळेच्या पायरीवर चढलेली नव्हती. त्या दिवशी चढली. माझा दंड धरून वर्गाच्या दारात उभी राहिली.

"ओ गुरुजी! डॉक्टरनी चांगला डोळा झाकाले सांगेल व्हतं ना! तुम्ही कोन सरकावनारा?"

गुरुजींनी खडू ठेवला. त्यांना राग आला नव्हता, हे मला अजून आठवतं. मजा वाटत होती.

"बाई, डोळा चांगला आणि दिसत नाही? असं कुठं असतं का?"

पोरं हसली. मीही घाबरून हसल्यासारखं केलं असेल.

"आशेच शे ते," खाला म्हणाली. "तुम्हले मालूम नही तर तुम्ही इचारानं व्हतं."

हे शेवटचं वाक्य गुरुजींना लागलं. वर्गासमोर, पिंजारणीने, "विचारायचं होतं" म्हटलं. त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी दाराकडे बोट केलं.

खालाने मला परत धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी त्या वेळी फार उजेड टाकला नाही. एकदाच टाकला, मग खुर्ची मागे सरकवून बसले. पट्टी परत उजव्या डोळ्यावर बांधायला लावली. पुढची दिवाळी आली तोवर मी ती बांधली, आपटत, पडत, शिव्या खात. थोडं आलं. धुराचा जरा पातळ धूर झाला. डॉक्टर एवढंच म्हणाले की मधले महिने गेले नसते तर बरं झालं असतं.

खालाच्या त्या वाक्याचा हिशोब गुरुजींनी वेगळ्याच तऱ्हेने चुकता केला. चौथी संपता संपता आबांना त्यांनी ओट्यावर बसवून सांगितलं, "मुलीची बुद्धी बेताची आहे. पुढच्या गावच्या शाळेत जाऊन नापासच होईल. त्यापेक्षा घरात कामाला येईल." आबा म्हणाले, गुरुजी म्हणतील तसं. माझी शाळा तिथे संपली. माझी बुद्धी बेताची नव्हती. असती तर मी हे सगळं इतकं ध्यानात ठेवलं नसतं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी होतात, आणि पोरी देवीपुढे वाकून मनातल्या मनात काहीबाही मागतात. माझ्या मैत्रिणी चांगला नवरा मागायच्या. मी गुरुजींचे डोळे मागितले. दर वर्षी मागितले. दोन्ही. एकाने माझं समाधान होणार नव्हतं.

लग्न होऊन सुरतेला आल्यावरही मागत राहिले. इथे कानबाई बसवणारी खानदेशी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे सोय झाली. टिकली लावताना चिमटा साडीच्या वरच हवेत मिटायचा, मालकीण गुजरातीत ओरडायची, "तारी आंख क्यां छे?", डोळे कुठे आहेत तुझे, आणि मला तो फळा आठवायचा. मुलगी झाली तेव्हा भीती इतकी, की तिला दूध पाजताना एकेक डोळा झाकून बघायची ती दिव्याकडे बघते का. नवरा म्हणायचा वेडी आहेस. वेडी नाही, एकदा पोळलेली होते. गल्लीतल्या कुठल्या पोराने मान वाकडी केली की आजही मी त्याच्या आईच्या मागे लागते, डोळे तपासून आण म्हणून. बऱ्याच जणी मला टाळतात.

मग कानबाईने दिलं. पण माझ्या मागण्याप्रमाणे नाही.

पाचोऱ्याला नात्यातलं लग्न होतं, म्हणून मी मुलीला घेऊन आले, आणि लग्न आटोपून, मुलीला तिथल्या मावसबहिणीकडे ठेवून, खालाकडे नशिराबादला गेले. ती आता तिथेच राहायची. गावातला धंदा बसला होता, मशीन आलं होतं. ती जळगावात घरोघर जाऊन जुन्या गाद्या उसवून परत भरून द्यायची. चहा देता देता म्हणाली, "तुना गुरुजी जळगावले शे, पोऱ्याकडे. लकवा मारी गया. उद्या त्याना गादी भराले जानं शे."

मी म्हणाले, मी येते.

खालाने हातातली कपबशी खाली ठेवली. "ये," म्हणाली. "पन टाका घालाले ये."

घर चांगलं होतं, पुढे पडवी. गुरुजी पडवीत खुर्चीवर. डावा हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडलेला. उजवा गाल गुळगुळीत केलेला, डाव्या गालावर पांढरी खुंटं तशीच. हातात पेपर. "काय लिहितात हल्ली," ते खालाला म्हणाले, "एका वाक्याला बूड नाही की शेंडा नाही." नंतर लक्षात आलं, ते प्रत्येक ओळीची उजवीकडची बाजूच वाचत होते.

मी त्यांच्या डाव्या हाताला कापूस घेऊन बसले. इतकी जवळ की हात लांबवला असता तर त्यांच्या धोतराला लागला असता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आधी मला वाटलं, ओळख नाही म्हणून. मी म्हणाले, "गुरुजी." ते उजवीकडे वळले. रिकाम्या दाराकडे बघत विचारलं, "कोण?"

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला.

सूनबाई ताट घेऊन आल्या. बिचाऱ्या वैतागलेल्या होत्या. वरण, वांग्याचं भरीत, दादर ज्वारीची भाकर. गुरुजी जेवायला लागले. त्यांनी भरीत संपवलं, कारण ते उजवीकडे होतं. वरणाच्या वाटीला हात लावला नाही. आणि भाकर, भाकर त्यांनी उजवीकडून बरोबर मधापर्यंत खाल्ली. कात्रीने कापल्यासारखी. अर्धी संपली आणि त्यांनी बोटं चाटली.

"संपली," ते म्हणाले. "अर्धीच वाढते ही. शेजारच्यांनाही सांगितलंय मी."

"अहो मामंजी, ताटातच आहे!" सूनबाई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "रोजचं आहे हे. चष्म्याच्या डॉक्टरकडे नेलं, तो म्हणतो डोळे चांगले आहेत. मुद्दाम करतात, मला छळायला."

"मी तीस वर्षं शिक्षक होतो," गुरुजी म्हणाले. "मला अर्धी भाकर आणि पूर्ण भाकर कळत नाही?"

मला कळलं. लगेच कळलं. डोळे कापूस आणत होते. आत पिंजणारा आडवा पडला होता, आणि त्याने डावीकडचा सगळा कापूस घ्यायचं बंद केलं होतं. त्यांच्यासाठी डावी बाजू अंधारी नव्हती, धूरही नव्हती. ती नव्हतीच. माझा डावा डोळा, त्यांची डावी बाजू. मी इतकी वर्षं डोळे मागत होते आणि देवीने डोळे त्यांच्यापाशी ठेवून नुसतं दिसणं काढून घेतलं होतं. मला खरं सांगायचं तर गुदगुल्या झाल्या.

मी उठून ताट धरलं आणि अर्धा फेरा फिरवलं. डावीकडची भाकर उजवीकडे आली.

"अरे," गुरुजी म्हणाले, "आली की!"

त्यांनी हात पुढे केला. मी ताट जरासं मागे ओढलं.

"गुरुजी, तुमचे डोळे चांगले आहेत. आत डोकं डावीकडचं बघत नाही."

"असं कुठं असतं का?" ते म्हणाले.

तोच सूर. तीच मजा वाटल्यासारखी भुवई. मधली सगळी वर्षं एका वाक्यात परत आली.

"शिंदखेड्याकडच्या आमच्या गावच्या शाळेत," मी म्हणाले, "एका पोरीच्या डोळ्यावरची पट्टी तुम्ही सरकवली होती. आठवतं का?"

त्यांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे बघितलं, हे मी नाकारत नाही.

"किती पोरं आली गेली," ते म्हणाले. "कोणाकोणाचं लक्षात ठेवायचं? भाकर दे."

मी ताट परत फिरवलं. भाकर गेली.

त्यांचा उजवा हात ताटावर फिरला, भरताच्या रिकाम्या जागेवर थांबला. "आता होती," ते म्हणाले. "संपली का?"

"संपली, गुरुजी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फळ्यासमोर उभी असताना माझ्या चेहऱ्यावर असणार. समोर काहीतरी आहे, सगळ्यांना दिसतंय, आपल्याला नाही, आणि लोक बघतायत. मला ते बघायचं होतं. मी ते पोटभर बघितलं.

मनगटावर फटका बसला. खालाचा. तिने माझ्या हातातून ताट काढून घेतलं, फिरवलं, भाकर त्यांच्या बोटांखाली ठेवली, आणि सूनबाईंना म्हणाली, "बाई, अर्धं जेवन झालं का ताट फिरायी दे. बोलानं काम नही." सूनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. गुरुजी भाकर खात होते. वरणाची वाटीही आता सापडली होती.

आम्ही गादी भरून दिली. नशिराबादच्या बसमध्ये बसल्यावर मीच म्हणाले, "मी त्यांना माफ करणार नाही, खाला. तू सांगितलंस तरी."

"माफ कर, आशे मी कधी सांगं?" ती म्हणाली. "भाकर दे, इतलंच सांगं. राग तुना शे, तू ठेव. भाकर त्यानी शे."

मी ठेवलाय. गुरुजी पुढे वर्षभराने गेले, असं कळलं. मला वाईट वाटलं नाही. कानबाईपुढे आता मी काही मागत नाही, कारण मागायचं ते मिळालं, आणि मिळालं तेव्हा खालाने मला ते पूर्ण खाऊ दिलं नाही. त्याचाही थोडा राग आहे माझा. तिच्यावर.

आता खालाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पाचोऱ्याची माझी मावसबहीण सांगत होती, टाके वाकडे पडतात म्हणून लोक कुरकुरतात, आणि ती दवाखान्याचं नाव काढलं की हसण्यावारी नेते. भिते. इतकी भांडखोर बाई, आणि भिते.

खाला, मी येणार आहे. सुट्टी मिळाली की, मुलीची परीक्षा झाली की, पण येणार. गादीच्या कापडाला जायचंय असं सांगून तुला एस.टी.त बसवीन आणि धुळ्याला नेईन. ज्या बाजूने तुला जास्त कमी दिसतं त्या बाजूला मी बसेन, म्हणजे कोणाचा धक्का लागणार नाही. ऑपरेशन झाल्यावर पट्टी डॉक्टर सांगतील त्याच डोळ्यावर राहील, सांगतील तोवर राहील, आणि मी तुझ्या उशाशी बसून राहीन. कोणी गुरुजी येऊन हात लावून तर बघू दे.